मांजरीची ट्रायल

मास्तरांच्या डोळ्यांतच टेप बसवलेली होती. असं मास्तर स्वतः सांगायचे, आणि दिवसातून निदान तीनदा सांगायचे.

"गिऱ्हाईक दारातून खुर्चीपर्यंत येतं ना, तेवढ्यात माझं माप घेऊन झालेलं असतं! टेप लावतो ती आपली त्यांच्या समाधानासाठी!"

आता फुशारकी म्हणाल तर फुशारकी, पण खोटी नव्हती हो. तीस वर्षं ते त्या गल्लीत कोट-पँट शिवत होते आणि तीस वर्षांत एकही कपडा 'तंग झाला' म्हणून परत आला नव्हता. कधी आलाच असेल तर गिऱ्हाईक जाड झालं होतं, असं मास्तरांचं म्हणणं. त्यांची दुसरी फुशारकी मात्र सपशेल खोटी होती. ती अशी, की "आपल्याला जनावरांचा अजिबात लळा नाही!" तिचे तीनतेरा कसे वाजले, तेच तर सांगायचंय.

झालं काय, एका सकाळी मास्तरीणबाईंनी कटिंगच्या टेबलाखालची चिंध्यांची टोपली ओढली. उशीत भरायला चिंध्या हव्या होत्या. टोपली ओढली, तर टोपली त्यांच्या अंगावर फिस्सकन धावून आली!

"अगं बाई! अहो, टोपलीत कोणीतरी आहे!"

मास्तर वाकून बघतात तो काय, आत एक राखाडी, पट्टेवाली मांजर ऐसपैस पसरलेली आणि तिच्या पोटाशी चार गोळे चिकटलेले. डोळे अजून मिटलेले. तीन राखाडी आणि एक काळं, तेही इतकं बारकं की आधी मास्तरांना ते कापडाचा तुकडाच वाटलं.

"निवडून निवडून सुटाच्या कापडावर बाळंत झालीय," खिडकीपाशी बसलेले काजवाले काका म्हणाले. काका मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी मोठे. दिवसभर काजं करायची आणि चष्म्याच्या वरून बघत टोमणे मारायचे, अशी दोन कामं ते एकाच हाताने करत. "पॉपलिनच्या चिंध्या बाजूला सारल्यात बघा. जाण आहे हो तिला मालाची!"

"हाकला तिला!" मास्तर गरजले. "आत्ताच्या आत्ता!"

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. लग्नाला बत्तीस वर्षं झालेल्या माणसाला तसं बघण्याचा अर्थ कळतो.

"म्हणजे... आत्ता म्हणजे, पिल्लांनी डोळे उघडले की," मास्तर म्हणाले.

पिल्लांनी डोळे उघडले. मग ठरलं, चालायला लागली की. ती चालायला लागली, मशीनच्या पायडलवर चढून झोपायला लागली, सुताची रिळं घेऊन दुकानभर धावायला लागली. मास्तरीणबाई हुकं लावता लावता हसून हसून बेजार व्हायच्या. एकुलती एक लेक लग्न होऊन लांब गेली, त्यानंतर दोन वर्षांत त्या एवढ्या हसल्या नव्हत्या. मास्तरांना ते हसू ऐकायला फार बरं वाटायचं. आणि ते बारकं काळं पिल्लू? ते मास्तरांच्या शर्टाच्या खिशात मुक्कामाला होतं! खडूची जागा त्याला दिली होती, आणि खडू कानावर गेला होता.

"त्याला थंडी वाजते," मास्तर म्हणाले.

"भर उन्हाळ्यात?" काकांनी विचारलं.

"काका, तुम्ही काजं बघा!"

खरं सांगायचं तर त्या गोळ्याची घरघर छातीशी लागल्याशिवाय मास्तरांचा हात मशीनवर चालेनासा झाला होता. पण हे ते कोणाजवळ कशाला बोलतात?

आणि नेमक्या अशाच वेळी मालकीणबाई खाली उतरल्या.

मालकीणबाई म्हणजे दुकानाच्या मालकीण. वरच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. आवाज असा, की त्या जिन्यात बोलल्या तरी दुकानातली कात्री थांबायची. त्यांनी टोपली बघितली, पिल्लं बघितली, आणि कमरेवर हात ठेवले.

"मास्तर! हे दुकान आहे की बाळंतपणाचा दवाखाना?"

"तसं नाही मालकीणबाई, ती आपली आपणच..."

"करारातलं चौथं कलम काय आहे? 'भाडेकरूने प्राणी पाळू नयेत!' सही कोणाची आहे खाली? आज चार आहेत, सहा महिन्यांनी चौदा होतील! मला मांजर नुसती दिसली तरी शिंका येतात!" असं म्हणून त्या टोपलीवर चांगली पाच मिनिटं वाकून राहिल्या. शिंक मात्र एकही आली नाही. काकांनी ते चष्म्यावरून टिपलं.

"आठ दिवस देते," मालकीणबाई सरळ होत म्हणाल्या. "या बयेचं ऑपरेशन करून डॉक्टरांचा कागद मला दाखवा. मग आपण पिल्लांचं बोलू. नाहीतर नवव्या दिवशी माझा भाचा टेम्पो घेऊन येईल आणि आईसकट सगळ्यांना गावाबाहेर सोडून येईल. सांगून ठेवते!"

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. मास्तरांचा हात आपोआप खिशावर गेला. गावाबाहेर? एवढासा जीव? पण बायकोसमोर आणि काकांसमोर घाबरायचं कसं?

"आठ दिवस कशाला?" मास्तर छाती काढून म्हणाले. "दोन दिवसांत कागद तुमच्या हातात ठेवतो! मांजर पकडायची म्हणजे काय, वाघ पकडायचाय?"

दोन गल्ल्या सोडून जनावरांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या आणि कामाला वाघीण. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. पिल्लं पाच आठवड्यांची आहेत, मऊ खायला लागली आहेत, म्हणजे आईचं ऑपरेशन करायला हरकत नाही. भटकी मांजर हातात येणार नाही, पिंजरा घेऊन जा. पकडलीत की रात्री तिला काही खायला देऊ नका, सकाळी आठला उपाशीपोटी घेऊन या.

"आणि ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून पोटाला जाकीट घालतात," त्या म्हणाल्या. "माझ्याकडची संपलीत. नवी यायला वेळ लागेल."

"जाकीट?" मास्तरांचे डोळे चमकले. "शिवलेलं जाकीट?"

"हो. साधं असतं, सुती कापडाचं..."

"डॉक्टरीणबाई, एक अक्षर बोलू नका. ते माझ्यावर सोडा!"

पिंजरा घेऊन मास्तर परत आले, पण पिंजरा राहिला कोपऱ्यात आणि कामाला सुरुवात झाली जाकिटापासून! सकाळी मांजर टोपलीत पिल्लांना पाजत होती. मास्तरांनी दुरूनच डोळे बारीक केले. "लिहा! छाती बारा, पोट साडेतेरा, लांबी चौदा!" मग खात्री म्हणून टेप लावायला गेले. हातावर दोन लांब ओरखडे उठले, पण माप तंतोतंत निघालं. "बघितलंत? बारा, साडेतेरा, चौदा!" रक्त पुसत मास्तर म्हणाले.

गंमत अशी, की संध्याकाळी मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, ही संध्याकाळची जरा भरलेली वाटते नाही? सकाळी पोट कसं आत गेलेलं असतं."

"जेवल्यावर फुगतं गं. माणसाचं नाही फुगत? म्हणून तर मी जेवून आलेल्या गिऱ्हाइकाचं पँटचं माप घेत नाही! माप घ्यावं ते उपाशीपोटी!"

"आणि संध्याकाळी ती माझ्याकडे बघून गुरकावत पण नाही."

"पोट भरलं की कोणीही गुरकावत नाही," मास्तर म्हणाले. विषय संपला.

जाकीट दोन दिवस चाललं. निळ्या सुटाचं उरलेलं कापड, आत मऊ अस्तर, पाठीवर बांधायला चार नाड्या, पुढच्या पायांसाठी दोन भोकं आणि त्यांना पायपिनची किनार. काकांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"कॉलर कशाला?"

"शोभा नको?"

"मग खिसा पण लावा. ऑफिसला जायची असेल."

मास्तरांनी खरंच क्षणभर विचार केला, हो!

मग मांजर पकडायला सुरुवात झाली. पिंजरा असा होता, की आत शेवटी खाऊ ठेवायचा, मधल्या फळीवर मांजरीचा पाय पडला की मागचं दार धाडकन खाली! पहिल्या दिवशी मांजर फळीवरून अलगद उडी मारून आत गेली, मासा घेतला, तशीच उडी मारून बाहेर आली आणि दुकानाच्या मध्यावर बसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मासा दोऱ्याने आत घट्ट शिवून टाकला, चांगला दुहेरी टाका मारून! मांजरीने टाका उसवला. तिसऱ्या दिवशी फळी कुठे अडकतेय ते बघायला मास्तर खांद्यापर्यंत आत शिरले, आणि दार पडलं ते थेट त्यांच्या पाठीवर! त्याच वेळी कोटाच्या ट्रायलसाठी एक साहेब आत आले.

"मास्तर आहेत का?"

"आहेत," काका म्हणाले. "पिंजऱ्यात आहेत. बसा."

पाचवा दिवस गेला, सहावा गेला. मास्तरांचं बोलणं कमी झालं. "दोन दिवसांत" म्हणणारा माणूस आता तारखेकडे बघायचं टाळत होता. मास्तरीणबाई पिल्लांना कुरवाळताना मध्येच टेम्पोचा आवाज आला की दचकायच्या. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, भाच्याला आपण सांगू, निदान आईला आणि पिल्लांना एकाच जागी सोड म्हणावं." मास्तरांनी मान खाली घालून एका पँटला तीन पाय कापले.

आणि सातव्या दिवशी, संध्याकाळी, धाडकन आवाज झाला!

सगळे धावले. पिंजऱ्यात मांजर! राखाडी, पट्टेवाली, मासा मटकावून मिशा पुसत शांत बसलेली. ना आरडाओरडा, ना फिस्कारणं.

"दमली बिचारी," मास्तर म्हणाले. "शेवटी कोणाशी गाठ आहे!"

डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी पिंजऱ्यावर एक जाड कोटाचं कापड टाकलं, पाण्याची वाटी ठेवली आणि हवेसाठी मागची छोटी खिडकी नेहमीसारखी उघडी ठेवून दुकान बंद केलं. मास्तरीणबाईंना पिल्लांची काळजी. सकाळी त्या ड्रॉपर आणि दूध घेऊन लवकर आल्या, तर चारही पिल्लं पोटं टम्म करून लोळत होती!

"अहो, यांना पाजलं कोणी? आई तर पिंजऱ्यात!"

"बोटं चोखून झोपली असतील," मास्तर म्हणाले. त्यांना घाई होती. आठवा दिवस होता ना!

ते पिंजरा उचलणार, तोच जिन्यावर पावलं वाजली आणि मालकीणबाई दारात उभ्या! केस विस्कटलेले, डोळे लाल, हातात दुधाची वाटी.

"मास्तर, तुम्ही... कुठे काही... बघितलं नाहीत ना?"

"काय?"

"काही नाही. असंच."

"ही वाटी?"

मालकीणबाईंनी वाटीकडे बघितलं. "झाडांना घालत होते."

"दूध?"

"चांगलं असतं झाडांना!" मालकीणबाई कडाडल्या. एवढ्यात कापडाखालून "म्यांव" असा बारीक आवाज आला. मालकीणबाईंचे कान टवकारले. कागद हातात यायच्या आत हिने गोंधळ घातला तर? त्यांनी पिंजरा छातीशी धरला, जोरजोरात खोकले आणि "आज कागद आणतोच!" असं ओरडत रस्त्याला लागले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मांजरीला गुंगीचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत ती मऊ पडली. तिला टेबलावर ठेवलं आणि पोटावरचे केस काढायला मशीन हातात घेतलं, तोच मास्तर मध्ये आले.

"थांबा! आधी ट्रायल!"

"काय?"

"जाकिटाची ट्रायल. ट्रायल घेतल्याशिवाय मी आजवर एकही कपडा दिलेला नाही."

"अहो मास्तर, बाहेर चार कुत्री थांबलीत!"

"त्यांच्यासाठी मी नियम बदलू का?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि बाजूला झाल्या. मास्तरांनी मोठ्या ऐटीत जाकीट उघडलं, पाय भोकांतून घातले, पाठीवर नाड्या ओढल्या... आणि नाड्या भेटेनात! चांगलं अडीच इंचांचं अंतर! मास्तरांनी पुन्हा ओढलं. मांजर झोपेत कण्हली. त्यांच्या कपाळावर घाम आला. टेप काढली, लावली. पोट सोळा!

"मास्तर, होतं असं कधीकधी," डॉक्टरीणबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "माप चुकलं थोडं. मी पट्टीने बांधीन."

"माप चुकलं?"

ते दोन शब्द मास्तरांच्या तोंडून असे निघाले, की बाहेरची चारही कुत्री गप्प झाली.

"तीस वर्षं! तीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही! साडेतेरा म्हणजे साडेतेरा!"

"मग जेवली असेल."

"कालपासून उपाशी आहे! उपाशीपोटी सोळा कसं होईल? माझं माप बरोबर आहे, डॉक्टरीणबाई. तुमची मांजर चुकीची आहे!"

"माझी? तुम्हीच आणलीत ना!"

"मग मला बदलून दिलीय कोणीतरी!"

दारातली कुत्रेवाली मंडळी आता आत डोकावून ऐकायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी एक मोठा श्वास घेतला. "बरं. आपण बघू या. आई असेल तर दूध दिसेल." त्यांनी पोटावरून मशीन फिरवलं. केस बाजूला झाले. त्या वाकल्या, आणखी वाकल्या, आणि एकदम ताठ झाल्या.

"मास्तर..."

"काय?"

"हिला दूध नाही. आणि ही बघा इथे, जुनी रेघ. हिचं ऑपरेशन कधीच झालंय! निदान वर्ष तरी झालं असेल. मी तर आता हिला पुन्हा उघडली असती!"

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली आणि ते बाहेरच्या लोकांकडे वळले. "साडेतेरा!" ते म्हणाले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पण रिक्षात बसेपर्यंत ती ऐट उतरली. कारण माप बरोबर ठरलं, पण कागद? कागद कुठे होता? आठवा दिवस, आई मोकाट, आणि मांडीवरच्या पिंजऱ्यात एक परकी, अर्धी झोपलेली, पोटावरचे केस गेलेली मांजर! आता मालकीणबाईंना काय दाखवायचं, जाकीट?

दुकानात पाऊल टाकतात तर मास्तरीणबाई तोंडावर बोट ठेवून उभ्या. "अहो, बघा तरी!" टोपलीत मांजर! तीच, हाडं निघालेली, साडेतेरा, चौघांना पाजत पडलेली. मास्तरांच्या पिंजऱ्यात दुसरी, तेच पट्टे, तीच शेपूट. मास्तरांनी डोळे चोळले.

"म्हणजे दोघी आहेत?"

"सकाळची एक आणि संध्याकाळची एक," काका काज पुरं करत म्हणाले. "आई आणि मावशी. डोळ्यांत टेप आहे म्हणे!"

त्याच क्षणी मालकीणबाई आत आल्या. मुदतीचा शेवटचा दिवस होता, त्या जाब विचारायलाच आल्या होत्या. "कुठाय कागद..." म्हणत त्यांची नजर पिंजऱ्यावर पडली, आणि त्या अशा किंचाळल्या की मशीनवरची रिळं हलली.

"अगं माझी सोनुली!"

सोनुली? मालकीणबाईंनी धावत जाऊन पिंजरा उघडला आणि मांजरीला छातीशी कवटाळलं. मग त्यांना तिचं पोट दिसलं.

"मेल्यांनो! केस कुठे गेले हिचे?"

"म्हणजे ही... तुमची?" मास्तरांनी विचारलं.

"माझी नाही तर काय! दोन वर्षं सांभाळलीय! माझ्या हाताने ऑपरेशन करून आणलीय!"

"आणि चौथं कलम?" काकांनी विचारलं.

"ते भाडेकरूंना आहे!" मालकीणबाई फणकारल्या. मग एकाएकी त्यांचा आवाजच बसला. खुर्चीवर बसून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "पाच आठवडे झाले हो, ही वर टेकत नाही. दुपार झाली की निघाली. दुधाला तोंड लावत नाही, माझ्या पायाशी झोपत नाही. मला वाटलं, त्या भटक्या बयेनेच फूस लावली. म्हणून म्हटलं, ती गेली तर माझी तरी परत येईल. काल तर रात्रभर आली नाही. रात्रभर जागी होते मी!"

मास्तरीणबाईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला आणि पाठीवरून हात फिरवला. "फूस नाही हो लावली. ती पिल्लांसाठी यायची. आई खायला शोधायला गेली की ही त्यांना पोटाशी घेऊन बसायची. फार गुणाची आहे तुमची सोनुली."

मालकीणबाईंनी नाक पुसलं. मास्तरांनी संधी साधली. "आणि आज तिचं दुसरं ऑपरेशन होणार होतं. माझ्या मापामुळे टळलं!"

ते मालकीणबाईंना पटलं. आठव्या दिवसाचं त्या काही बोलल्या नाहीत. पण तोंड बंद ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पिंजऱ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आणि तुम्ही मासे कसले लावत बसलात? बाळंतीण आहे ती! पिल्लं लावा!"

त्यांनी चारही पिल्लं एका खोक्यात ठेवली, खोकं पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला टेकवलं, वरून कापड टाकलं आणि सगळ्यांना दुकानाबाहेर काढलं. पिल्लं ओरडली. आई टोपलीतून उठली, पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली आणि सरळ आत गेली. धाड! चार मिनिटं लागली. मास्तरांना सात दिवस लागले होते, आणि तेही दुसऱ्याची मांजर पकडायला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. जाकीट असं बसलं, की डॉक्टरीणबाईंनी नाड्या बांधल्या आणि नुसती मान हलवली. मांजर दुकानात परतली तेव्हा कॉलरीतून सगळ्यांकडे असं बघत होती, की काकांनी तिला खुर्ची दिली. कागद मास्तरांनी स्वतः वर नेऊन मालकीणबाईंच्या हातात ठेवला. आता आई भटकी असली तरी तिला कोणी हलवणार नव्हतं. राहिला प्रश्न पिल्लांचा.

"सगळी वाटून टाकणार," मास्तर म्हणाले. "आपल्याला कुठला लळा?"

एक डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतलं. एक कोटवाले साहेब घेऊन गेले. तिसरं मास्तरीणबाईंनी जावयाबरोबर लेकीकडे पाठवलं आणि स्टँडवरून येताना रिक्षात डोळे पुसले. चौथं, काळं, बारकं, मास्तरांच्या खिशात होतं.

आणि एका सकाळी मालकीणबाई खाली आल्या. आवाज नेहमीपेक्षा मऊ. "मास्तर, सोनुली सारखी पिल्लं शोधत दारात बसते हो. मी म्हणते, ते उरलेलं एक मला द्या. तिलाही सोबत होईल."

मास्तरीणबाईंची सुई थांबली. मास्तरांनी घसा खाकरला.

"हे? हे नका घेऊ, मालकीणबाई. हे... नीट नाही. शेपूट बारीक आहे. रंग जाईल बहुतेक."

"मांजराचा रंग जातो?"

"खातं फार! आणि भित्रं आहे! आणि घोरतं!"

स्वतःच्या मालाची अशी निंदा मास्तरांनी जन्मात केली नव्हती. काकांनी चष्मा काढून ठेवला आणि ते उघड्या डोळ्यांनी बघायला लागले.

"चालेल मला," मालकीणबाई हात पुढे करत म्हणाल्या. "तुम्हाला नाहीतरी लळा नाही. द्या."

मास्तरांनी खिशात हात घातला. पिल्लाने त्यांचं बोट दोन्ही पंजांत धरलं. आणि मास्तर ओरडले, चांगले मोठ्याने, रस्त्यावरचे लोक थांबतील असे ओरडले.

"नाही देणार! माझं आहे ते! कलम चार लावा, दुकान खाली करून घ्या, काय वाट्टेल ते करा! लळा आहे मला! आहे! झालं समाधान?"

मास्तरीणबाई हसत होत्या आणि रडत होत्या. मालकीणबाई म्हणाल्या, "एवढंच बोलायला इतके आठवडे लागले तुम्हाला? ठेवा बाबा. मी दुपारी सोनुलीला घेऊन खाली येत जाईन, म्हणजे झालं. करारातलं ते कलम खोडून टाकते."

मास्तरांनी खिशावर हात ठेवला. छातीत एक ऊब पसरत गेली, हळूहळू, डाव्या बाजूने खाली, अगदी पोटापर्यंत. त्यांचे डोळे भरून आले. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांना असं कधी झालं नव्हतं. प्रेम म्हणतात ते हेच असणार, असं त्यांना वाटलं.

"मास्तर," काका चष्मा लावत म्हणाले, "शर्ट बदला. त्याने खिसा ओला केलाय."